एक मिनिट पन्नास सेकंद

वस्तरा माझ्या कंठमण्याच्या जरा खाली येऊन थांबला आणि हिलाल न्हावी म्हणाला, "दम सोडा ना, गिरधरभाऊ. गळा दगडना व्हई ग्या शे तुमना."

तोवर माझा श्वास बंद आहे हे मला माहीत नव्हतं. कळलं तेव्हा छातीत कुणी आडवी फळी ठोकून ठेवल्यासारखं वाटलं. समोरच्या आरशात पारा उडालेल्या जागी काळे डाग होते, आणि त्या डागांमधून माझा चेहरा साबणाच्या फेसात बुडून फक्त नाकाडोळ्यांनिशी वर राहिला होता. मी तो चेहरा पाहिला आणि श्वास आणखी घट्ट धरला. हिलालने वस्तरा उचलला, डाव्या तळव्यावर दोनदा उलटसुलट फिरवला. "मढानी हजामत करेल शे मी," तो म्हणाला, "त्यासना गळा असाच ऱ्हास. पन त्या बिचारा हालतस तरी नही. तुम्ही मधमाच हालशात, आनि मन्हा वस्तरा आत जाई. मंग गाव म्हनी, हिलालनी माणूस कापा." बाकावर वाट बघत बसलेला एक म्हातारा हसला. मी हसलो नाही. हसायला श्वास लागतो.

मला बसलेला धक्का वस्तऱ्याचा नव्हता. हे दुसऱ्याला दिसतं, याचा होता. एकोणीस दिवस मी ही गोष्ट एका वहीत नोंदवत होतो, आणि ती माझ्या आतली, कातडीच्या आतली आहे असं धरून चाललो होतो. वर्तमानपत्रातली पहिली बातमी वाचताना पंचवीस सेकंद. बुटाची नाडी बांधताना अकरा. कुणी मागून हाक मारली तर चाळीसच्या वर. झोपेत काही होत नाही; खोलीतल्या सोबत्याने दोन रात्री जागून मला तसं सांगितलं. जे होतं ते जागेपणी, उजेडात, हातात काही काम असताना. शिवाय या मोजणीत एक मूळचाच दोष होता. मोजायला बसलो की श्वास शहाण्यासारखा चालू राही. बेसावधपणी बंद पडलेला श्वास सापडायचा तो सुटतानाच, आणि तो किती वेळ बंद होता हे मागे जाऊन अंदाजाने ठरवावं लागायचं. म्हणजे वहीतला प्रत्येक आकडा प्रत्यक्षाहून कमी होता. आता एका न्हाव्याने तो नुसत्या डोळ्यांनी पकडला. तर मग अकरा वाजता कचेरीत मॅजिस्ट्रेटसाहेबही पकडतील. आत्ता साडेनऊ झाले होते.

माझ्या कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. त्यावर सात ओळी होत्या. त्यांतली चौथी अशी: 'मयत जामसिंग हा मोहाची दारू पिऊन धुंद अवस्थेत डोहात उतरला व बुडाला.' खाली माझं नाव, आणि नावापुढे बी.एस्सी. सही अजून व्हायची होती. ती मी शपथेवर, मॅजिस्ट्रेटसमोर करायची, असं शेठचं म्हणणं. शेठ म्हणजे ज्यांच्याकडे तालुक्यातल्या दारूचा ठेका होता ते. मी त्यांच्या भट्टीवर केमिस्ट होतो. "जो डिकरा, बघ पोरा," शेठ मला म्हणाले होते, पान जुळवता जुळवता, "बुडाला तो बुडाला. तू फक्त प्यालेला होता एवढं बोल. माझा जमादार बोलला तर कोण ऐकतो? तू बोलला म्हणजे शास्त्र बोललं." आणि मी तसं बोललो की जामसिंगच्या बायकोचा, फुलवंताबाईचा अर्ज खोटा ठरणार होता. खोटा अर्ज केला म्हणून उलट तिच्यावरच खटला भरायचा, हेही ठरलं होतं. शेठच्या वकिलाने त्याचे कागद तयार ठेवले होते.

हिलालने ब्रश पुन्हा फेसात बुचकळला आणि गळ्यावरून गार, मऊ फिरवला. मी डोळे मिटले. हेडमास्तरांनी सांगितलं होतं तसं चार मोजत श्वास आत घेऊ लागलो. हेडमास्तर म्हणजे आमच्या आळीतले, पेन्शनीत निघालेले. पहाटे ओट्यावर मृगाजिन टाकून बसतात. मी त्यांना काय झालं ते सांगितलं नव्हतं, फक्त श्वास अडकतो म्हटलं होतं. "चारात पूरक, सोळात कुंभक, आठात रेचक," ते म्हणाले, "मन निवांत होतं. महिनाभर करा." मी पहिल्याच दिवशी त्यांच्या शेजारी बसलो. चार अंक आत. मग धरलं. सोळा आले आणि गेले. मला सोडायचं होतं, पण सोडण्याची आज्ञा जिथून निघते तिथे कुणी नव्हतंच. वीस. तीस. हेडमास्तर डोळे मिटून बसले होते. साठ. कानात भट्टीच्या बॉयलरसारखा आवाज सुरू झाला. ओट्यासमोरच्या हौदातलं पाणी मला दिसत होतं, आणि त्या पाण्यात काही पांढरं पसरतंय असं वाटत होतं. एकशे चारला मी कुशीवर पडलो. कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. शुद्ध हरपली तसा श्वास आपला आपण सुरू झाला. हेडमास्तरांनी तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, "पहिल्याच दिवशी एवढा कुंभक? तुमची तयारी दिसते." तयारी होती, हे खरंच होतं.

ती आमच्या गावी, कळसाडीला सुरू झाली असावी. आमच्या घरी वेचणीच्या दिवसांत पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरायची. वडील, रतिलाल पाटील, गावात पंचांतले. घरात बैल हाकायच्या पराणीने बोलायचे. माय ताटात काही कमीजास्त वाढायची आणि मग ती पराणी भिंतीवरून निघायची. मी कापसात शिरायचो, पार आत, डोक्यावर कापूस ओढून घ्यायचो. आत उबदार, करकरीत शांतता असायची आणि सरकीचा तेलकट वास. श्वास घेतला की तंतू नाकात जायचे, आणि शिंकलो तर वडिलांना जागा कळणार. म्हणून घ्यायचाच नाही. बाहेर मायच्या पाठीवर पराणी उतरायची ती कापसातून पार दूरच्या गावात कुणी कपडे धुतंय अशी ऐकू यायची. मी ते आवाज मोजायचो. मोजणं हे पहिलं सुख मला तिथे सापडलं. दुखणं दुखणं राहत नाही, त्याचा आकडा होतो. आणि आकडा कितीही मोठा असला तरी त्याच्यापुढे आणखी एक असतोच, म्हणून भीती कधी शेवटाला पोचत नाही. सगळं संपल्यावर माय यायची, कापसात हात घालून मला बाहेर ओढायची आणि म्हणायची, "निंघ, आंडोर, मन्हा पोऱ्या. गयात त्या." मी मॅट्रिक झालो तेव्हा याच वडिलांनी मला सेकंदकाटा असलेलं खिशातलं घड्याळ घेऊन दिलं आणि अख्ख्या गावाला ते दाखवत फिरले.

पुण्याच्या कॉलेजात या तयारीला मान मिळाला. रसायनशास्त्राच्या काट्याला काचेची पेटी असते. वजन घेताना तिचं पुढचं दार वर करावं लागतं, आणि त्या क्षणी माणसाने श्वास घेऊ नये, कारण पारडं हलतं. माझ्या पहिल्या वजनात पारडं हललं. आमच्या डेमॉन्स्ट्रेटरने पितळी पट्टीने माझ्या बोटांच्या पेरांवर मारलं आणि विचारलं, "तुमचा श्वास मी कशात धरू? मिठात की पाण्यात?" मुलं हसली. पुन्हा कधी माझं पारडं हललं नाही. चौथ्या दशांशापर्यंत माझं वजन बरोबर यायचं. पुढे शेठच्या भट्टीवर हेच कामाला आलं. हायड्रोमीटर काचेच्या नळीत सोडायचा, तो वरखाली होऊन थांबेपर्यंत श्वास धरायचा, आणि दारूची रेघ कुठल्या आकड्याला टेकते ते डोळा तिच्या पातळीत आणून वाचायचं. शेठची माणसं लपवलेल्या भट्ट्या शोधायला डोंगरात जायची तेव्हा मलाही नेत. सापडलेल्या मडक्यात खरंच दारू आहे आणि ती किती तेज आहे, हे लिहून द्यायला. त्यांचा जमादार इंद्रसिंग मला 'घड्याळवाला मास्तर' म्हणायचा.

"भाऊ," हिलाल म्हणाला. वस्तरा पुन्हा थांबला होता. "पुन्हा बंद."

"सवय आहे," मी म्हणालो.

"कसानी सवय? बोला. माणूस बोलस तव्हय दम बाहेरच येस, आत ऱ्हावाले जागाच नही. मी घाबरेल गिऱ्हाईकले असंच करस. गावनं नाव इचारस, पोऱ्यासोऱ्यासनं इचारस, तो बोली ऱ्हास आनि मन्हा वस्तरा निंघी जास." त्याने अंगठ्याने माझी हनुवटी वर केली. "सांगा. गाव कोनतं?"

"कळसाडी."

"कपाशी कशी शे यंदा?"

"बरी."

"अशी नही. लांब बोला. दम निंघाले पाहिजे."

मी बोलायला तोंड उघडलं आणि तोंडातून जे आलं ते कपाशीचं नव्हतं. मी म्हणालो, "एक मिनिट पन्नास सेकंद."

"काय एक मिनिट?"

वस्तरा गळ्यावरून वर सरकला, खर्र असा, आणि मी बोलत राहिलो. कारण न बोलणं म्हणजे पुन्हा धरणं, आणि पातं कातडीला टेकलेलं होतं.

होळीचा दिवस होता. काठी गावची होळी, तिला सगळा सातपुडा लोटतो. देवाला मोहाची धार लागते म्हणून त्या दिवसांत डोंगरात घरोघर मडकी चढतात, आणि शेठची दुकानं रिकामी राहतात. आम्ही चौघं होतो: इंद्रसिंग, त्याचे दोन लाठीवाले आणि मी. काठीच्या अलीकडे एका ओढ्याला डोह आहे, दहाबारा हात रुंद, एका अंगाला खडकाची कपार. उन्हं चढली होती. समोरच्या पायवाटेने एक माणूस डोक्यावर मडकं घेऊन आला. उघड्या अंगावर त्याने राख कालवून पांढरे ठिपके आणि कडी काढली होती, छातीवर, पोटावर, मांड्यांवर. रात्री होळीत नाचणारे काढतात तशी. त्याने आम्हाला पाहिलं. पळाला असता तर सुटला असता, पण देवाचं मडकं फुटू द्यायचं नव्हतं. ते पोटाशी धरून तो सरळ डोहात उतरला आणि खाली गेला. कपारीखाली दडवायला. तो जामसिंग.

इंद्रसिंग काठावर उभा राहिला. त्याला हसू येत होतं. "मास्तर," तो म्हणाला, "माणूस पाणीमा कितला टाइम ऱ्हास?" हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा अशी माझी कित्येक वर्षांची इच्छा असावी. मी घड्याळ काढलं. म्हणालो, साधारण माणूस एक मिनिट. सवयीचा असला तर दोन. पाणी गार असलं तर जरा कमी. एवढंच मी बोललो. त्यात कुणाला मारण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. एक मिनिट पन्नास सेकंदांनी तो डोहाच्या मधोमध वर आला, आ वासून, आणि इंद्रसिंगची लाठी त्याच्या खांद्यावर बसली. ओल्या अंगावर लाठी बसण्याचा आवाज वेगळाच येतो. तो पुन्हा खाली गेला. "मडकं लई ये वर!" इंद्रसिंग ओरडला, "मडकं दे नि जा, होळी खेळ!" पलीकडच्या काठाला दोघं लाठीवाले हातात दगड घेऊन उभे होते, म्हणून तिकडे निघायला वाट नव्हती. पाणी स्वच्छ होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याच्या अंगावरची राख विरघळते आहे. तो जिथे जाईल तिथून दुधासारखी पांढरी रेघ वर येत होती. मी बोट केलं. म्हणालो, "डावीकडे. कपारीच्या टोकाला." एक मिनिट पाच सेकंद. या वेळी लाठी डोक्यावर बसली आणि पांढऱ्यात थोडं तांबडं मिसळलं.

"आनि तुम्ही?" हिलालने विचारलं. त्याचा हात चालू होता.

मी मोजत होतो. दुसऱ्या खेपेनंतर मला आणखी एक गोष्ट दिसली. डोकं वर येण्याआधी बुडबुडे येतात. बुडालेला माणूस वर निघताना छातीतली कोंडलेली हवा आधीच सोडतो, म्हणजे नाक बाहेर पडताच नवी घेता यावी. बुडबुडे फुटले की तीन सेकंदांत डोकं. हे कुणाला सांगायची गरज नव्हती. पण मला ते सापडलं होतं, आणि सापडलेली गोष्ट बरोबर आहे की नाही हे पडताळल्याशिवाय मला राहवत नाही. तिसऱ्या खेपेला चाळीस सेकंदांवर बुडबुडे आले आणि मी म्हणालो, "आता."

इंद्रसिंगने लाठी आधीच उगारली होती. डोकं तिच्याखालीच आलं.

चौथ्या खेपेला बावीस. "आता." कवटीचा आवाज कोरड्या भोपळ्यासारखा आला. माझ्या डोक्यात त्या चार आकड्यांची एक उतरती रेघ तयार झाली होती; पुढचा आकडा दहाच्या आसपास यायला हवा होता. पाचव्या खेपेला बुडबुडे आले, पण डोकं आलं नाही. मी घड्याळाकडे बघत राहिलो. लाठीवाल्यांनी दगड खाली टाकले. एक म्हणाला, "गया काय?" चार मिनिटं अकरा सेकंद झाली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला, आणि मला कळलं की तो खाली गेल्यापासून मीही श्वास घेतलेला नाही. निदान शेवटच्या बऱ्याच वेळात नाही. मी तोंड उघडलं. हवा समोर होती, सगळीकडे होती, आणि ती कशी घेतात ते मला आठवेना.

गळ्याला बारीक झोंबलं. हिलालने वस्तरा बाजूला केला, तुरटीचा खडा ओला करून जखमेवर दाबला. एक थेंब फेसातून ओघळत खाली गेला आणि फेस तिथे गुलाबी झाला. बाकावरचा म्हातारा आता हसत नव्हता. हिलालने हातातलं पातं पुसलं, फेस झटकला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्यानं नाक दिसानं पह्यलेच तुम्हीन सांगं?"

"हो."

"म्हनजे त्याले दम लेवा दिन्हा नही."

त्याने टॉवेल माझ्या गळ्याभोवतून काढला आणि झटकला. "जा," तो म्हणाला. "अर्धी दाढी ऱ्हाई जायेल शे. ऱ्हावा द्या. मन्हा हात आते चालाव नही."

मी अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर आलो. कापसाने फुगलेल्या जिनिंगच्या गाड्या स्टेशनाकडे चालल्या होत्या. हिलालच्या दुकानापासून कचेरीपर्यंत सहाशे चाळीस पावलं आहेत. त्यांतल्या किती पावलांत मी श्वास घेतला ते सांगता येणार नाही. एका गोष्टीचा मी सारखा विचार करत होतो, आणि ती हिलालला सांगितली नव्हती. प्रेत बाहेर काढल्यावर इंद्रसिंग म्हणाला होता, "मास्तर, तोंड सुंगी देख. पेयेल व्हता असं लिखनं पडी." मी वाकलो. डाव्या हातात घड्याळ तसंच होतं. त्याच्या उघड्या तोंडाशी नाक नेलं आणि वास घेतला. मातीचा, शेवाळाचा, रक्ताचा. मोहाचा नाही. मोहाचा वास मी झोपेतही ओळखतो. मग मी नाक तसंच ठेवून वाट पाहिली, काही येतं का, काही हलतं का. त्याच वेळी वरून माणसं धावत आली आणि त्यांच्या पुढे ती होती. फुलवंताबाई. तिला काय दिसलं? तीन माणसं लाठ्या घेऊन बाजूला उभी, आणि एक कोटवाला तिच्या नवऱ्याच्या तोंडावर तोंड नेऊन वाकलेला. तिने अर्ज लिहवून दिला तो असा: 'जमादाराने मारले. घड्याळवाले साहेब माझ्या नवऱ्याचा श्वास परत आणीत होते. त्यांना विचारा.' तीन दिवस चालून, तापी ओलांडून ती नंदुरबारला आली होती, ती माझ्या भरवशावर.

कचेरीच्या पायऱ्यांवर ती बसली होती. मला पाहून उठली. तिच्या भाषेत काही म्हणाली आणि दोन्ही हात जोडून छातीशी नेले. वऱ्हांड्याच्या खांबाला टेकून इंद्रसिंग विडी ओढत होता. माझी अर्धी दाढी बघून त्याने धूर सोडला. "काय मास्तर, न्हावी अर्धामाच सोडीसन पयना का?" मग जवळ येऊन, हसता हसताच, हळू आवाजात म्हणाला, "ध्यानमा ठेव. गिनती तुन्ही व्हती. मन्हा निसता हात व्हता." त्याच्या तोंडाला विडीचा वास होता आणि त्याखाली मोहाचा, तेज, पन्नास अंशांच्या आसपासचा.

आत खोली लहान होती, छताला झालरीचा पंखा, दोरी कुणी ओढत नव्हतं. मॅजिस्ट्रेटसाहेबांना पडसं होतं. ते सारखे रुमाल नाकाशी नेत. धडगावकडचा दलसिंग शिपाई दुभाषा म्हणून फुलवंताबाईजवळ उभा राहिला. आधी तिला विचारलं. ती जे बोलली ते दलसिंगने मराठीत सांगितलं: "ती म्हणते, नवऱ्याने होळीची पालनी, म्हणजे व्रत, धरलेली होती, साहेब. पालनीवाला माणूस खाटेवर निजत नाही, मोहाला तोंड लावत नाही. मडकं देवाचं होतं. त्यातला थेंब त्याने घेतला असता तर त्याला नाचता आलं नसतं. ती म्हणते, हे कुणालाही विचारा." शेठच्या वकिलाने हसून कागद सरळ केले. साहेब माझ्याकडे वळले. शपथ झाली. "मयताने मद्य घेतलं होतं का?"

मी श्वास धरला होता. खोलीतला प्रत्येक आवाज कापसातून येत होता. खिशातला कागद छातीला लागत होता, आणि मला दिसत होतं की सात ओळी वाचायला पंचवीस सेकंद लागतील, तेवढा श्वास माझ्याजवळ आहे, एका दमात संपेल. साहेब शिंकले. फुलवंताबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे, जसं दिव्याकडे बघतात तसं. गळ्यावरची तुरटी चुरचुरली. लांब बोला, हिलाल म्हणाला होता. दम निंघाले पाहिजे.

"नाही," मी म्हणालो. "मी वास घेतला. मोहाचा वास नव्हता. त्याच्या तोंडाशी मी वाकलो ते त्यासाठी. श्वास आणायला नाही." आणि थांबता आलं असतं, वकील उठलाच होता, पण बाहेर पडायला लागलेली हवा पुन्हा आत ओढायची शक्ती मला नव्हती. "पहिल्यांदा तो एक मिनिट पन्नास सेकंद खाली होता. दुसऱ्यांदा एक मिनिट पाच. मग चाळीस. मग बावीस. प्रत्येक वेळी वर आल्यावर इंद्रसिंग जमादाराने लाठी मारली. पहिली खांद्यावर, पुढच्या तीन डोक्यावर."

साहेबांनी रुमाल खाली ठेवला. "हे आकडे कुणी मोजले?"

"मी."

"तुम्ही मोजत बसलात?"

"हो. तो कुठे वर येईल हे मी सांगत होतो. आणि कधी. बुडबुडे आले की मी म्हणायचो, आता. त्यावर जमादार लाठी मारायचा."

कारकुनाचा टाक करकरत होता. मागे इंद्रसिंग ओरडला, "झूट शे! साहेब, यानी डोकी फिरेल शे, देखा ना, अर्धी दाढी ठेयी उना!" त्याला शिपायांनी धरलं. मी ते ऐकत नव्हतो. दलसिंग फुलवंताबाईच्या कानाशी वाकून तिच्या भाषेत एकेक वाक्य सांगत होता, आणि मी त्याच्या ओठांकडे बघत कुठपर्यंत आलं ते ओळखत होतो. चार आकडे त्याने बोटांनी दाखवले. मग तो थांबला. माझ्याकडे एकदा बघितलं, तो 'आता' सांगू का असं. मग सांगितला. एक छोटासाच शब्द होता. तिची मान वळली.

ती माझ्याकडे कधी आली ते कुणाला दिसलं नाही. मी साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरत होतो. तिने डाव्या हाताने माझे केस धरले, डोकं भिंतीवर आपटलं, आणि उजवा तळवा माझ्या नाकातोंडावर बसवला. लाकूड तोडणारा हात. त्याला धुराचा आणि चिखलाचा वास होता. कातडी ओठांवर खरखरीत, बोटं गालफडात रुतलेली, अंगठा डोळ्याखाली. डोकं पुन्हा भिंतीवर आदळलं. दात ओठात शिरले, तोंडात खारट झालं. ती काही बोलत नव्हती. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर होता आणि ती जोराने श्वास घेत होती. माझ्या तोंडावर तो गरम लागत होता. शिपाई धावले. कुणी तिचं मनगट पिळत होतं, कुणी तिच्या पाठीत मारत होतं. मी हात वर केले नाहीत. मी मोजलंही नाही. हे मला फार नंतर लक्षात आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला किती वेळ झाला ते माहीत नव्हतं, एकच माहीत होतं, की हवा बाहेर आहे आणि मला ती हवी आहे, हवी आहे, आणि तो हात आहे. माझे पाय फरशीवर झाडत होते. माझ्या घशातून जनावरासारखा आवाज येत होता. चाळीस नाही, बावीस नाही. नुसतं हवं.

मग त्यांनी तो हात सोडवला. श्वास आत आला, मी न घेता, खोलीभर ऐकू जाईल असा, आणि त्याच्यामागून दुसरा, आणि तिसरा.

"हिच्यावर हल्ल्याची तक्रार घ्यायची का?" कारकुनाने टाक वर धरून विचारलं. दोन शिपायांच्या मध्ये ती उभी होती, आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत होती. ते उघडं होतं, मिटत होतं, उघडत होतं. ती ते बघत राहिली. मी मान हलवून नाही म्हटलं. श्वासांच्या मध्ये बोलायला मला जागा नव्हती.